ताजी मासळी कुठे चाखावी

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. युरिक ॲसिड वाढलेलं. म्हणजे गेल्या महिन्यात उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला होता, त्यात बुटांचा काही दोष नव्हता. उगाच त्या दुकानदाराशी भांडलो.

डॉक्टरांनी मासळी बंद केली. कोळंबी, खेकडे, शिंपल्या यांचं तर नावसुद्धा काढायचं नाही म्हणाले. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आजपासून बंद. माझा मनोनिग्रह जबरदस्त आहे. सिगारेट मी एका झटक्यात सोडली होती. दोनदा.

घरी येऊन हिला सांगितलं. खरी मासे खाणारी ती. माहेर बंदराजवळचं. ताटात मासा नसला तर तिला जेवल्यासारखं वाटत नाही. सगळं ऐकून घेतलं. मग उठली, मासे तळायचा बिडाचा तवा घासून पुसून कोरडा केला आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींना नेऊन दिला. तो तवा आमच्या लग्नापासूनचा. मी म्हटलं, अगं, तू कशाला सोडतेस?

"तुम्ही नाही तर मीही नाही," म्हणाली. "मी चवीने खाणार आणि तुम्ही समोर बसून बघणार, ते माझ्याने व्हायचं नाही."

मला अगदी भरून आलं. तिने खावं असा आग्रह मी केला. मनापासून केला, पण एकदाच केला.

संकल्प: मासे खाणार नाही. (अधोरेखित.)

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात गडबड. मी रोजच्या पेपरात प्रूफरीडर आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, स्वतःचं एक अक्षर कधी छापून आलं नाही. रविवारच्या पुरवणीत खाण्यापिण्यावर लिहिणारे गृहस्थ अचानक दुसऱ्या पेपरात गेले. ‘शहरात ताजी मासळी कुठे खावी’ ही लेखमाला आधीच जाहीर करून झालेली, तिच्यासाठी जाहिरातीही घेऊन झालेल्या. पुरवणीच्या संपादकबाईंनी सगळीकडे नजर फिरवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी मान वर होती, कारण मी घड्याळ बघत होतो.

मासे खाता ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खातो.

खरं म्हणजे ‘खात होतो’ म्हणायला हवं होतं. प्रूफरीडरच्या तोंडून काळाची चूक! पण चूक एकदा छापून गेली की गेली, तसंच हे. शिवाय लेख माझा असणार. माझा!

नाव मात्र खरं देता येत नाही. ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, राशिभविष्य आणि टायरच्या जाहिरातींसकट. टोपणनाव घेतलं: खवय्या.

आता संकल्पाचा प्रश्न. संकल्प ‘खाणार नाही’ असा आहे. ‘चाखणार नाही’ असा नाही. खात्री करून घ्यावी म्हणून ऑफिसातला शब्दकोश काढला. दोन स्वतंत्र नोंदी आहेत, त्याही वेगवेगळ्या पानांवर. शब्दांच्या बाबतीत मी फार काटेकोर माणूस आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

पहिलं हॉटेल. बाजाराच्या मागे, स्टीलची टेबलं, भिंतीवरचा पंखा मान हलवतो पण वारा देत नाही. तळलेला बांगडा मागवला. ठरवून गेलो होतो, एक घास. एकच. घेतला.

मग प्रश्न पडला, ही शेपटीकडची बाजू झाली, डोक्याकडचं काय? वाचकांना अर्धवट माहिती द्यायची का? तिथलाही घेतला. मग मधला भाग राहिला. अन्न टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

ऑफिसात येऊन टूथपेस्टने दात घासले. संध्याकाळी घरी उकडलेला भोपळा. दुपारी काय जेवलात, असं हिने विचारलं. मी म्हटलं, हलकंच. हे खरंच आहे. मासा पचायला हलका असतो.

ती भोपळा खात होती. तक्रार नाही, काही नाही. मीठ कमी आहे का, एवढंच विचारलं.

मन खातंय. मी नुसतं चाखतो, खायचं सगळं काम मन करतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

लेख अडला. ताजा मासा कसा ओळखायचा हे मला कुठे माहीत आहे? आजवर हिने ताटात वाढलं ते ताजं, एवढंच माझं ज्ञान. शेवटी जेवताना सहज विचारल्यासारखं हिलाच विचारलं.

काय खुलली! म्हणाली, कल्ला उघडून बघायचा, आत लालभडक पाहिजे. पाठीवर बोट दाबायचं, खळगा लगेच भरून यायला पाहिजे. आणि वास. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, माशाचा येत नाही. पण सगळ्यात आधी डोळे बघायचे. भरलेले, चकचकीत. "तुमच्यासारखे आत गेलेले असले की समजायचं, बरेच दिवस बर्फात काढून आलाय," असं म्हणून खूप हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

बोलता बोलता तिची बोटं ताटातल्या भोपळ्यातून काटे काढत होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं. मी दुसरीकडे बघितलं.

नंतर बाथरूममध्ये जाऊन सगळे मुद्दे मोबाइलमध्ये उतरवून घेतले. डोळ्यांचा विनोद पुढच्या कुठल्यातरी लेखासाठी राखून ठेवतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं! चहा न घेताच पुरवणी उघडली. लेखाखाली नाव: खवल्या.

खवय्या नाही. खवल्या. ‘य्या’चा ‘ल्या’. प्रूफ कोणी वाचलं म्हणून तावातावाने फोन करणार होतो. मग आठवलं, मीच वाचलं.

हिने लेख मोठ्याने वाचून दाखवला. मी भोपळ्याच्या बिया सोलत ऐकत होतो. म्हणाली, कोण हा खवल्या, पण बरं लिहितो. समुद्राच्या वासाचं तर अगदी माझ्यासारखंच म्हणतोय. मी म्हटलं, जाणकारांचं एकमत होतंच.

पहिला चाहता घरातच मिळाला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अंगी लागला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संपादकबाई खूश. टोपणनाव फार कल्पक आहे म्हणाल्या. माशाचे खवले आणि खवल्या मांजर, दोन्ही अर्थ साधलेत. मी म्हटलं, हो, विचारपूर्वकच घेतलं. चित्रकाराने सदरासाठी खवल्या मांजराचं चित्रही काढलंय, अंगाची गोल गुंडाळी करून बसलेलं. छान आहे. फक्त डोळे जरा माझ्यासारखे झालेत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

बंदरावरचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, समोर होड्या. मालक बारा महिने लोकरीची टोपी घालून शेगडीपाशी उभा, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणतात. पाटी नाही, मेनू नाही. सकाळच्या होडीतून जे उतरलं तेच. ते संपलं की टोपीवाला सरळ शेगडी विझवतो आणि गिऱ्हाइकालाच विचारतो, इतका उशीर का केलात.

आज खेकडा होता. संकल्पात मासे म्हटलं आहे. खेकडा म्हणजे मासा नव्हे, हे शाळेतलं पोर सांगेल.

अप्रतिम. दुसरा शब्द नाही. नांगी फोडताना हिची आठवण झाली. तिला नांगी फार आवडते. माझ्या ताटातलीसुद्धा उचलायची. घास घशात अडकला. पाण्याबरोबर उतरवला आणि दुसरी नांगी घेतली.

संध्याकाळी जिन्यातलं मांजर माझ्या मागोमाग दारापर्यंत आलं. हे नेहमी मला बघून पाठ फिरवणारं मांजर! ही म्हणाली, हल्ली याचा तुमच्यावर फार जीव जडलाय. मी म्हटलं, प्राण्यांना चांगला माणूस कळतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा लेख. हिने वाचला, कात्री आणली, लेख कापून फ्रिजवर चिकटवला. पहिलाही तिथेच होता, मी आज पाहिला. म्हणाली, तुमचा पुढचा रिपोर्ट चांगला आला की डॉक्टरांना विचारू. एखाद्या दिवसाची परवानगी दिली तर दोघं मिळून जाऊ या खवल्याने सांगितलंय तिथे. तोवर मी थांबते, मला काही घाई नाही.

मला काही घाई नाही म्हणाली.

पाणी प्यायला फ्रिज उघडला की ते गुंडाळी केलेलं मांजर नाकासमोर येतं. माठातलं पाणी पितोय.

संकल्प: उद्या हिला सगळं सांगून टाकणार. पुरुषासारखं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं. आजारी माणसाला त्रास द्यायचा नसतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं दुखायचं थांबलं. गुणगुणत होती. इतक्या चांगल्या मूडवर विरजण कशाला घाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगठ्यात किंचित ठणका. कारणं शोधली. एक, ऑफिसच्या जिन्याची शेवटची पायरी नेहमीपेक्षा उंच आहे. दोन, परवा मांजर पायावर बसलं होतं. कोळंबीचा संबंध नसावा. कोळंबी जीवशास्त्राच्या दृष्टीने किड्यांच्या जवळची. किडे खाऊ नका असं डॉक्टरांनी कुठे सांगितलंय? आणि मी खाल्ली नाहीच. चाखली. दोन प्लेट चाखली.

तिसऱ्या लेखात तो डोळ्यांचा विनोद टाकला. थोडा माझा हात फिरवला. संपादकबाई वाचताना हसल्या. दोन-तीन जण उठून हात मिळवून गेले. असा मान ऑफिसात मला पहिल्यांदाच मिळाला. विनोद हिचा आहे, हे त्या वेळी आठवलं, पण सांगणार कोणाला आणि कसं?

१ मार्च, रविवार

हिने नेहमीसारखा लेख मोठ्याने वाचायला घेतला. "ताज्या माशाचे डोळे भरलेले, चकचकीत असतात. एखाद्या प्रूफरीडरसारखे आत गेलेले असले, तर समजावं, बरेच दिवस बर्फात—"

इथे थांबली. तेच वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं, ओठ हलताना दिसले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नेमकं सांगायचं तर माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मी चहात बघायला लागलो. पुढे काय लिहिलंय, असं मीच विचारलं. पुढे काही विशेष नाही म्हणाली, पेपरची घडी घातली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

क्षणभर वाटलं, ओळखलं. पण नाही, तिला काही कळलेलं नाही. शहरात प्रूफरीडर काय मी एकटाच आहे?

हा लेख तिने कापून ठेवला नाही. कात्री सापडत नसेल.

३ मार्च, मंगळवार

आज जेवताना ही अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, हो, बाथरूमचा नळ गळतोय.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग, उद्या प्लंबरला बोलावते म्हणाली.

मागाहून वाटलं, ती संधी होती. पण संधी कशी, आधी कल्पना देऊन यायला हवी. माणसाला तयारी लागते.

५ मार्च, गुरुवार

नळ दुरुस्त झाला. पायाला बूट जात नाही. ऑफिसला चपला घालून गेलो. आरोग्यासाठी पाय मोकळे ठेवतोय, असं सगळ्यांना सांगितलं. आणखी एकाने उद्यापासून चपला सुरू करतो म्हटलं. माझा प्रभाव वाढतोय.

संध्याकाळी हिने फ्रिजवरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, हे खवल्या मांजर संकट आलं की काय करतं हो? मी मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. संकट आलं की ते तोंड पोटात घालून अंगाची गुंडाळी करतं आणि संकट निघून जाईपर्यंत तसंच पडून राहतं.

"अस्सं," म्हणाली.

प्राणिशास्त्राची तिला एकाएकी गोडी लागलेली दिसते.

७ मार्च, शनिवार

डॉक्टरांकडे जावं लागलं. अंगठा पुन्हा टोमॅटो. या वेळी शेजारचं बोटही सामील. हिच्या खांद्याला धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढलो.

डॉक्टर रिपोर्टकडे बघून चक्रावले. पथ्य नीट चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "घरात तर मासळीचा तुकडासुद्धा येत नाही, डॉक्टर. माझंच काहीतरी चुकत असेल."

आणि माझ्याकडे बघितलं.

मी समोरच्या भिंतीवर लावलेलं मूत्रपिंडाचं चित्र बघत होतो. त्याच्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचून काढलं. ‘मूत्रपिंड’मधला ऊकार ऱ्हस्व छापला होता. ते सांगावं असं मनात आलं, पण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पंख्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी मग डाळी, कडधान्यं, मशरूम, फ्लॉवर, पालक, सगळ्यावर काट मारली. हिने मान डोलावली. म्हणजे आता तिच्या ताटातूनही ते सगळं गेलं.

उतरताना तिने माझा दंड धरला होता. पायरी आहे, सावकाश, एवढंच बोलली.

आज स्वतःची लाज वाटली. एरवी वाटते तशी नाही. खरी.

८ मार्च, रविवार

शेवटचा लेख आला. ‘शहरातली सर्वांत ताजी मासळी’: पहिला नंबर बंदरावरच्या टोपीवाल्याला. लिहिण्याच्या बाबतीत हा माझा सर्वोत्तम लेख. शेवटचं वाक्य असं, ‘खवल्या खात नाही, चाखतो.’

हिने पुरवणी उघडली नाही. दुपारपर्यंत ती टेबलावर तशीच घडीत पडून होती. मी दोनदा तिच्यासमोर नेऊन ठेवली. तिने त्या पुरवणीवरच कांदे चिरायला घेतले.

१० मार्च, मंगळवार

आज कबुलीची तयारी पूर्ण केली. काय बोलायचं ते ऑफिसात बसून मनात जुळवलं. सुरुवात आजारपणापासून, मग व्यावसायिक अडचण, मग वाचकांविषयीची बांधिलकी, शेवटी क्षमा. क्रम चांगला लागलाय. एका ठिकाणी अडलो. ‘मी चाखलं’ म्हणायचं की ‘मी खाल्लं’? दुपारभर तेवढ्या एका शब्दावर घोटाळलो. संध्याकाळी ‘खाल्लं’ ठेवलं.

फार हलकं वाटलं. इतकं हलकं की सांगायची घाईच उरली नाही.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी

संपादकबाईंना दुसरी लेखमाला हवी आहे, फक्त खेकड्यांवर. नाही म्हणणार होतो. विचार करतो म्हटलं.

मग बंदरावर गेलो. चाखायला नाही. निरोप घ्यायला. इतकं प्रेम दिलेल्या माणसाला न सांगता कसं सोडायचं? टोपीवाल्याने न विचारताच खेकड्याची प्लेट समोर ठेवली.

म्हणाला, काल एक बाई आल्या होत्या तुमची चौकशी करत. खवल्या म्हणून लिहितात ते इथे येतात का? मी आतून सुखावलो. म्हटलं, वाचक असतील. चाहत्या. पुढे म्हणाला, मी सांगितलं, येतात की. पाय ओढत येतात, कोपऱ्यात पाठ करून बसतात, आणि नांगी फोडायच्या आधी दाराकडे एकदा बघून घेतात. बाईंनी विचारलं, पोटभर जेवतात ना? म्हटलं, ताट चाटूनपुसून लख्ख करतात.

मी विचारलं, त्यांनी काय खाल्लं?

"काहीच नाही," टोपीवाला म्हणाला. "मी केवढा आग्रह केला. टोपलीतला बांगडा उचलून त्याचे डोळे बघितले, जराशा हसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, आत्ता नको, मी आमच्या माणसाबरोबर येणार आहे."

चाहती नव्हे, ही. बंदराजवळ वाढलेली बाई, एवढे आठवडे भोपळा खाणारी, तळणीचा वास सुटलेला, आणि पाणी पिऊन परत गेली.

प्लेट परत केली. म्हणजे अर्धी.

१३ मार्च, शुक्रवार

नाही सांगितलं. तिने विचारलंही नाही. भोपळा.

१४ मार्च, शनिवार

सकाळी उठलो ते ठरवूनच. आज सांगणार. दात घासले, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बाहेर आलो तर ही घरात नाही. चपला नाहीत, पिशवी नाही. जिन्यात डोकावलो. मांजरही नव्हतं.

खुर्चीत बसून राहिलो. मनात नाही नाही ते येऊन गेलं. माहेरी गेली असेल का? बसने जायला एक तासही लागत नाही. मग दाराशी आवाज झाला. हातातली पिशवी खालून ओली, ठिबकत होती, मागे मांजर. माझ्याकडे न बघता पिशवी ओट्यावर ठेवली आणि परत वर गेली. वहिनींशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला. उतरली तेव्हा हातात आमचा तवा होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. आत सगळं शांतपणे चाललं होतं. खवले उडत होते. एक माझ्या धुतलेल्या शर्टावर येऊन चिकटला. तवा तापला, तेल पडलं, पहिला तुकडा पडला आणि तो आवाज आला. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं नाव घेता येईना, कांदा नव्हता.

म्हटलं, मला तुला काही सांगायचंय. सुरुवात आजारपणापासून करायची होती, ती विसरलो. अडचण, बांधिलकी, सगळं पुसलं गेलं. "मी खाल्लं" एवढंच तोंडातून बाहेर पडलं. "सगळीकडे खाल्लं."

"थांबा, तुकडा उलटू दे," ही म्हणाली.

तुकडा उलटला. दुसरी बाजू होईपर्यंत मी तसाच उभा. मग तिने एक ताट घेतलं. एकच. टेबलाशी बसली. पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी समोर बसलो.

"मासे खाल्लेत त्याचं मला काही नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली. "अंगठा तुमचा आहे, ठणका तुमचा आहे. एकट्याने खाल्लेत. मला सांगितलं असतंत, खूप इच्छा होतेय, चल, तर मी ओरडले असते, भांडले असते, आणि मग आले असते की हो तुमच्याबरोबर. एक प्लेट दोघांत घेतली असती. नांगी मला दिली असतीत."

चुकलो, म्हटलं. त्याला काही शब्दकोश लागला नाही.

ती जेवत राहिली. काटे सावकाश काढून ताटाच्या कडेला लावत होती, पूर्वी लावायची तसेच. टेबलाखाली मांजर तिच्या पायाला घासत होतं, माझ्याकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. वास सगळ्या घरात भरला होता. समुद्राचा. तिने एक तुकडा बोटांत धरून वर उचलला.

"चाखायचंय?"

माझा हात टेबलावरून थोडा पुढे सरकला होता. मागे घेतला. नको, म्हटलं.

"बरं केलंत," म्हणाली, आणि तो तुकडा स्वतः खाल्ला. "तुम्ही चाखता. मी खाते."

१५ मार्च, रविवार

पुरवणी खवल्याविना कोरडी. संपादकबाईंना फोन करून खेकड्यांना नाही म्हटलं. कारण विचारलं. तब्येत, म्हटलं.

फ्रिजवरचे दोन्ही लेख निघालेत. त्या जागी डॉक्टरांच्या पथ्याचा कागद. तवा शेगडीवर, आता तिथेच राहणार आहे म्हणे. मी घरी असतानाच रोज मासे करणार. तुमच्यासमोर बसून खाणं माझ्याने व्हायचं नाही असं म्हणाली होतीस, अशी आठवण मी करून दिली. त्यावर म्हणाली, हल्ली जमतं.

खवल्याच्या नावाने एका वाचकाचा प्रश्न आलाय. शहरातली सगळ्यात ताजी मासळी नेमकी कुठे मिळते, शेवटच्या लेखानंतर मत बदललं का? बदललं. आमच्या घरी मिळते. टेबल एकच, खुर्च्या दोन, मांजराला मुक्त प्रवेश. खवल्याला बसायला मिळतं, भोपळ्यासकट.

आज दुपारी तिने स्वतःच्या ताटातलं उरलेलं लिंबू न बोलता माझ्या भोपळ्यावर पिळलं. त्याला तिच्या बोटांचा, तळलेल्या माशाचा किंचित वास होता. भोपळा सगळा संपवला. आणखी मागितला.